बियाण्याचा कट्टा

माह्या पोरीनं, निशिगंधानं, मले कॅनडात कायम राहाचं कार्ड काढून देल्लं. पण ते माह्या हाती कधी राह्यलंच नाई. मी तिच्यापाशी राहून गावी ढाणकीले परत आली आन् दुसऱ्याच दिवशी यायनं ते मागून घेतलं. हे म्हणजे आमचे मालक, गावासाठी भगवानराव. म्हणे, बाईमाणसाच्या हातून कुठीतरी पडून जाईन. मंग काय, सोसायटीत, पानठेल्यावर, कोणाच्या लग्नात, जिथं जातीन तिथं खिशातून काढून दाखवणं सुरू. हौस फिटली का कपाटात.

यंदा उन्हाळ्यात पोरीचे दिवस भरत आले. जावई कामावर, घरात दुसरं बाईमाणूस नाई. आई तू ये, मले लय भेव लागते, असं ती रोज फोनवर म्हणे. तिकीट काढलं, बॅग भरली, आन् कार्डासाठी कपाट उघडलं तं कार्ड नाई.

सारं घर उलथंपालथं केलं. गाद्या झटकल्या, देवाचे फोटो मागून पुढून पाह्यले. यायनं तं मलेच धारेवर धरलं, का तूच कुठी ठेवलं असशीन. मी म्हणलं, मले त्याले हात तरी लावू देल्ला का तुम्ही?

उमरखेडले समीक्षा वकील आहे, यायच्या बहिणीची पोरगी. तिच्यापाशी गेलो. तिनं नीट समजावून सांगतलं, का कार्डाशिवाय विमानात बसू देत नाईत. त्याच्या बदल्यात एका खेपेपुरता कागद दूतावासातून मागवावा लागते. त्यासाठी कार्ड कसं गेलं ते शपथेवर लिहून द्याचं आन् संग पोलिसाचा दाखला जोडाचा. ती म्हणे, मामा, हरवलं असं लिहू, सरळ काम आहे.

यायले तेच झोंबलं. साऱ्या गावाले दाखवलेलं कार्ड हरवलं म्हणलं तं लोक तोंडावर हासतीन. म्हणून म्हणाले, हरवलं नाई, चोरीले गेलं. समीक्षानं सांगून पाह्यलं, का चोरी म्हटली तर संशय कोणावर ते ठाण्यात विचारतील.

"कपाटाच्या खोलीत बाहेरचा माणूस एकच आलता," हे म्हणाले. "जब्बार."

जब्बारभाई आमचा कूलर दुरुस्त कराले आलते, ते खरं. पण ते काय बाहेरचे होते? त्यायच्या वावराचा अन् आमच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, एक. यायले ते भाऊ म्हणतात. आमच्या घरचं सोयाबीनचं बियाणं दरसाल तेच पेरतात, दुकानातलं कधी आणत नाई. त्यायची बायको जैनबबी तं माह्या सैंपाकघरात हातानं चहा करून घेते.

मी तिथंच खुर्चीवर बसून होती. तोंड उघडाले पाहिजे होतं. पण पोरगी डोयापुढे आली, कागद लवकर झाला पाहिजे असं वाटलं, आन् मी पदर सावरत खाली पाहत राह्यली. मी बोलली नाई. याची मले इतकी लाज वाटते का आपल्याच तोंडात मारून घ्याव असं होते.

यायनं ठाण्यात तेच नाव लिहून देल्लं, आन् दुसऱ्या दिवशी पोलीस शिपाई जब्बारभाईच्या दारात गेला. घर पाह्यलं, पाने-पकडीची पेटी अंगणात उपडी केली. सारी गल्ली जमली. मले आमच्या खिडकीतून दिसत होतं, मी खिडकी लावून घेतली.

दिवस कलता कलता जैनबबी आली. ती कधी दारात थांबत नाई, पण त्या दिवशी फाटकापाशीच उभी राह्यली. कागदावर सह्या घ्याले समीक्षाही तवाच आलती. "इंदूबाई, माह्या घरी चाल," जैनबबी म्हणे. "भाऊले घे, वकीलबाईले बी घे." मी कायले म्हणून इचारलं, तं ती पुढे चालाले लागली.

तिच्या घरात भितीशी बियाण्याचा कट्टा, सोयाबीनचं पोतं, उभा होता. पेरणी जवळ आली म्हणून आम्हीच तो धाडला होता. तोंड यायनं शिवलेलं, लाल सुतळीनं, यायच्या त्या आडव्या गाठीनं. जैनबबीनं सुपात घेऊन निवडासाठी सुतळी कापली होती. वरच्या दाण्यात प्लास्टिकच्या पिशवीत माह्यं कार्ड होतं, आन् कार्डावरचा माहा फोटो वर पाहून राह्यलता.

"शिवण कापली आन् हे दिसलं," जैनबबी म्हणे. "मी हात नाई लावला. पोलीस येऊन गेल्यावर मी हे हातात धरून आली असती, तं तुम्ही काय समजले असते? तूच काढ."

मी यायच्याकडे पाह्यलं. चेहरा पार उतरून गेलता. मले तवा सारं समजलं. मागं आम्ही पांढरकवड्याले एका लग्नाले जाताना घराले कुलूप लावलं, तवा माहा सासरा कराचा तसं यायनं केलं होतं. चोर कपाट फोडते, धान्यात हात घालत नाई, असं सासरे म्हणत आन् गावाले जाताना दागिना धान्यात दाबून ठेवत. यायनं कार्ड दाबलं, कट्टा शिवला आन् इसरून गेले. आन् तोच कट्टा आम्ही जब्बारभाईच्या घरी धाडला.

तरी यायचा ताठा पाहा. समीक्षाले हळूच म्हणाले, का आता निसतं सापडलं असं लिही, कुठी सापडलं ते कायले. जब्बारभाई तिथंच पाटावर बसून पाने पेटीत भरून राह्यलते. त्यायनं मान वर केली नाई.

मंग माहं डोस्कं फिरलं. "हे कार्ड असंच उचलून मी पोरीच्या घरी जाणार नाई," मी म्हणलं. "बाळंतपण माह्याबिगर झालं तं होऊ द्या. आधी ठाण्यात जा आन् कोणी ठेवलं होतं ते सांगा. मंग इथं येऊन सांगा."

समीक्षा म्हणे, मामा, मामी बरोबर बोलून राह्यल्या, चला. तिच्या गाडीवर बसून हे गेले. तक्रार मागं घेतली, आपल्या हातानं ठेवल्याचं लिहून देल्लं. तवर मी जैनबबीच्या घरात बसून होती. चहाचं कोणाले सुचलंबी नाई. हे परत आले तवा गल्लीत लोक होतेच. त्यायच्या देखत म्हणाले, "जब्बार, माही चूक झाली. कार्ड मीच ठेवलं होतं." आवाज पुरा फुटला नाई, पण ऐकू गेला.

जब्बारभाई म्हणे, ठीक आहे भाऊ, वहिनीचं विमान चुकू देऊ नका. मंग मी कट्ट्यात हात घालून कार्ड काढलं.

मले वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडून राह्यली होती, तं जब्बारभाई खांद्यावर कट्टा घेऊन आले. तोंड परत शिवलेलं. ओट्यावर उतरवला आन् म्हणे, "भाऊ, यंदा बियाणं दुकानातून आणलं." राग नाई, टोमणा नाई. पाणी देऊ का म्हणलं, तं नको म्हणे आन् गेले.

हे कट्ट्यापाशी आले. मंग म्हणाले, आपल्याच वावरात पेरून टाकतो, कायले वाया घालवाव. उचलाले वाकले.

"हात लावू नका," मी म्हणलं. "मी पोरीचं करून परत येतपर्यंत तो तिथंच राहू द्या. येता-जाता तुमाले दिसला पाहिजे."

बॅग घेऊन मी बसस्टँडले निघाली. जैनबबीचं दार उघडं होतं. आत भांड्याचा आवाज येत होता. हाक मारासाठी मी थांबली, पण तोंडातून नाव निघालं नाई.