डावीकडचा स्पीकर

ज्यांच्या घरात कमरेपेक्षा उंच टॉवर स्पीकर उभे आहेत, अशा हौशी मंडळींचा फोनवर एक ग्रुप होता. प्रत्येक जण आपापल्या स्पीकरबद्दल मत द्यायचा. कुणी लिही, सिनेमातले स्फोट असे होतात की कपाटातली भांडी नाचतात, पण गाणं लावलं की गायकाला सर्दी झाल्यासारखं वाटतं. दुसरा लिही, खोली लहान असेल तर या स्पीकरच्या नादी लागू नका, बेस अंगावर येतो. वाद रंगायचे, रुसवेफुगवे व्हायचे, आणि सगळं फार हातघाईवर आलं की कुणीतरी म्हणायचं, कानसेनला विचारा.

कानसेन म्हणजे दातांचा एक डॉक्टर. पन्नाशी उलटलेला, बोलायला मवाळ, लिहायला मोजका. पण त्याचा कान असा तिखट की एखाद्या स्पीकरचा वरचा सूर केसभर जरी चरचरीत असला तरी त्याला तो खुपायचा. ग्रुपमधल्या कितीतरी जणांनी त्याच्या शब्दावर स्पीकर घेतले होते. 'कानसेन' म्हटलं की तो 'कसलं काय' म्हणून उडवून लावी, पण मनातून त्याला त्या नावाचं फार अप्रूप होतं.

त्याने नवे टॉवर स्पीकर घेतले तेव्हा सगळा ग्रुप त्याच्या मताकडे डोळे लावून बसला. ग्रुपमधल्या अनेकांचं ठरलेलं दुकान होतं, तिथूनच त्यानेही घेतले होते. दुकानदार स्वतः येऊन ते हॉलमध्ये मांडून गेला, खाली टोकदार पाय बसवून गेला. कानसेन म्हणाला की स्पीकर जरा वाजू देतो, मोकळे होऊ देतो, मग लिहितो.

आणि एका रविवारी सकाळी, बायको पोहण्याच्या तलावावर गेली असताना, तो खुर्ची बरोबर मधोमध ठेवून ऐकायला बसला. बायको तलावावर मुलांना पोहायला शिकवायची, त्यामुळे रविवारची सकाळ त्याची एकट्याची असे. त्याने नेहमीचं गाणं लावलं, एकट्या बाईचा आवाज आणि मागे एकच तंतुवाद्य. दोन्ही स्पीकर नीट असले की असा आवाज दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेतून येतो, जणू बाई समोरच उभी आहे. पण त्या दिवशी बाई मधे नव्हती. ती उजवीकडे सरकली होती, पार उजव्या स्पीकरला खेटून. डावीकडून नुसता घुमा, घोंगडीखालून आल्यासारखा आवाज येत होता.

त्याने वायरी तपासल्या, खुर्ची हलवली, दुसरं गाणं लावलं. बाई उजवीकडेच. मग त्याने ग्रुपवर लिहून टाकलं: डावा स्पीकर सदोष आहे, वरचे सूर मेलेले आहेत, या मॉडेलबद्दल सावध राहा.

व्हायचं तेच झालं. दुपार व्हायच्या आत तिघांनी आपल्या ऑर्डरी थांबवल्या, आणि ज्यांच्याकडे हेच स्पीकर होते त्यांनाही आपला डावा स्पीकर मेलेला वाटायला लागला. दुकानदार चहासुद्धा न घेता धावत आला. त्याने खुर्चीत बसून ऐकलं, उठून दोन्ही स्पीकरना आळीपाळीने कान लावला, आणि अगदी नरमाईने म्हणाला की मला तर दोन्ही सारखेच वाटतायत. पण तुमच्यापुढे मी काय बोलणार? आपण त्यांची अदलाबदल करू, म्हणजे दूध का दूध होईल.

दोघांनी मिळून ते जड खोके उचलून इकडचा तिकडे आणि तिकडचा इकडे केला. आता खराब स्पीकर उजवीकडे होता, म्हणजे आवाज डावीकडे जायला हवा होता. गाणं सुरू झालं.

बाई उजवीकडेच होती.

दुकानदार कानसेनच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याने काही विचारायच्या आत कानसेन म्हणाला, "आता ठीक वाटतंय. वायर सैल असेल." दुकानदाराचा जीव भांड्यात पडला. त्याने विनवलं की तेवढं ग्रुपवर लिहा हं डॉक्टर, आणि तो गेला. दार लागलं तसं कानसेनने खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसला. आता उजवा स्पीकर त्याच्या डाव्या अंगाला आला होता. दोष खोलीत असता, यंत्रात असता, तर बाईने आता त्याच्या डाव्या कानाशी गायला हवं होतं. ती पुन्हा उजव्या कानाशीच गात होती. तो जिकडे तोंड करेल तिकडे ती त्याच्या उजव्या बाजूला येत होती.

त्याने गाणं बंद केलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हॉल शांत झालेला नाही. डाव्या कानात, फार आत, कुकरची शिट्टी पडायच्या आधी जसा बारीक फुसफुसाट असतो तसा आवाज चालू होता. तो किती दिवसांपासून होता कोण जाणे. त्याने डाव्या कानापाशी बोटं चोळली. काहीच नाही. उजव्या कानापाशी चोळली, तर कोरडी सरसर स्पष्ट ऐकू आली.

बायको आली तेव्हा तो वर्तमानपत्र धरून बसला होता. तिला सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण सांगितलं की ते खरं होऊन बसेल असं काहीतरी त्याला वाटलं. मळ साचला असेल, सर्दी असेल, जाईल चार दिवसांत, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मग न राहवून बाथरूममध्ये जाऊन फोनवर शोधलं. एका कानाचं ऐकू येणं गेलं तर काय काय असू शकतं याची तिथे रांगच लागली होती, आणि त्या रांगेत मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरची गाठ होती. त्यापुढचं त्याला वाचवेना. त्याने फोन पालथा ठेवला आणि नळ सोडून नुसताच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या दवाखान्यात कामाला गेला. घरी बसलो तर डोकं फिरेल असं त्याला वाटलं. खुर्चीत एक लायब्ररीयन बाई होत्या, खालच्या दाढेत कीड होती. त्याने नेहमीप्रमाणे त्यांना धीर दिला, काही दुखलं तर फक्त 'अं' करा, मी लगेच थांबेन असं सांगितलं आणि ड्रिल सुरू केलं. ड्रिलची ती किंचाळी आज त्याला अर्धीच ऐकू येत होती, आणि अर्ध्या किंचाळीत किती खोल गेलो ते कळत नव्हतं. तो कान देऊन ड्रिलच ऐकत राहिला. एकाएकी पलीकडे बसलेल्या मदतनीस बाईंनी त्याचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"डॉक्टर, थांबा. त्या मघापासून 'अं' करतायत."

लायब्ररीयन बाईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. नशीब, इजा काही झाली नव्हती. त्याने माफी मागितली, दाढ तात्पुरती भरून दिली आणि पुढच्या सगळ्या वेळा रद्द करायला सांगितलं. स्वतःच्या भीतीत आता दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होणार होता, आणि ही भीती कालच्यापेक्षा मोठी होती.

घरी बायको केस पुसत उभी होती. भलत्या वेळी आलेल्या नवऱ्याकडे तिने एकदा पाहिलं आणि टॉवेल खाली ठेवला. पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्या पोरांचे चेहरे ती रोज बघायची, तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

"काय झालंय?"

"डाव्या कानाने ऐकू येत नाहीये."

ती म्हणाली की चारपाच दिवस झाले, मी डावीकडून काही बोलले की तू उत्तरच देत नाहीस. मला वाटलं नवीन स्पीकर आलेत, म्हणून माझ्या बोलण्याकडे दुर्लक्ष चाललंय. मी चिडून बोलायचंच सोडलं होतं. एवढं बोलून तिने चपला पायात सरकवल्या. तो म्हणाला, उद्या बघू, कदाचित मळच असेल. तिने त्याच्या दंडाला धरलं आणि बुडणाऱ्याला काठाला आणावं तसं त्याला दाराबाहेर काढलं.

कानांची डॉक्टर तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिने दोन्ही कानांत उजेड टाकून पाहिलं. मळ नव्हता. मळ असावा म्हणून आयुष्यात पहिल्यांदा कुणी इतकी आस लावली असेल. मग तिने सूर तपासायचा धातूचा चिमटा ठोकून तो घुमत असतानाच त्याच्या कपाळाच्या मधोमध टेकवला आणि आवाज कुठे येतो ते विचारलं.

"उजवीकडे," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

तिने त्याला काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. जेव्हा आवाज येईल तेव्हा दाबायचं. उजव्या कानाला त्याने पटापट दाबलं. मग डावा कान सुरू झाला. काचेपलीकडे डॉक्टरचा हात यंत्रावर फिरताना त्याला दिसत होता, म्हणजे ती आवाज देत होती, आणि त्याचा अंगठा बटणावर तसाच पडून होता. डॉक्टरच्या मागे बायको उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला होता.

डॉक्टरने काही लपवलं नाही. आतल्या कानाला अचानक फटका बसलाय. का बसतो ते पुष्कळदा कळत नाही. लवकर औषध सुरू झालं तर काहींचं परत येतं, काहींचं थोडं येतं, काहींचं येत नाही. अजून आठवडाभर मळ समजून बसला असतात तर माझ्या हातात फारसं काही उरलं नसतं, असंही ती म्हणाली. आणि नसेवर गाठ नाही ना, एवढं डोक्याच्या फोटोत, म्हणजे एमआरआयमध्ये, बघून घ्यायला हवं. बहुतेक नसते, पण बघायला हवं. 'बहुतेक' हा शब्द तो घरी नेऊन रात्रंदिवस चघळत बसला.

फोटोच्या नळीत शिरताना त्याला सांगितलं की अजिबात हलायचं नाही. कानांत बोळे घातले, डोक्याभोवती पिंजरा बसवला. मग ठणाणा सुरू झाला, पत्र्यावर हातोडे पडावेत तसा. तोही उजवीकडेच जास्त. आपण स्पीकरच्या पेटीत कोंडलो गेलो आहोत असं त्याच्या मनात आलं आणि छातीत धडधड इतकी वाढली की त्याने हातातला फुगा दाबायचं जवळजवळ ठरवलंच. तो दाबला की बाहेर काढतात. पण बाहेर काढलं की पुन्हा आत यावं लागलं असतं. बायको मुलांना सांगते तसा त्याने तोंडाने श्वास सोडला, हळूहळू, पुन्हा पुन्हा. बाहेर आला तेव्हा पाठ घामाने चिंब झाली होती.

निकाल यायला वेळ लागणार होता. या मधल्या काळात दुकानदाराचे फोन येत होते आणि तो उचलत नव्हता. तिकडे ग्रुपवर डाव्या स्पीकरची बदनामी जोरात चालू होती. एकाने तर आपले स्पीकर परत द्यायची तयारी केली होती. शेवटी बायकोने विचारलं की त्या भल्या माणसाचा काय दोष? तो म्हणाला, खरं लिहिलं तर पुन्हा माझ्या मताला कोण विचारील? हे बोलून गेल्यावर त्याला स्वतःचीच शरम वाटली. तो जागचा उठला, दुकानदाराला फोन केला, आणि मग ग्रुपवर लिहिलं: स्पीकर उत्तम आहेत. दोष माझ्या डाव्या कानात निघाला. माझं आधीचं मत धरू नका. ज्यांनी ऑर्डर थांबवली त्यांनी खुशाल घ्या.

मग एकेकाचे निरोप यायला लागले, आणि त्यांत स्पीकरबद्दल एक अक्षर नव्हतं. दुकानदार संध्याकाळी घरी आला, स्पीकर पुन्हा आपापल्या जागी ठेवून गेला आणि जाताना त्याच्या उजव्या बाजूला येऊन बोलला.

गाठ नव्हती. डॉक्टरने सांगितलं तेव्हा बायको तिथेच बाकावर बसली आणि हसता हसता रडली. त्याला मात्र लगेच सुटल्यासारखं वाटेना. गेलेलं परत आलेलं नव्हतंच.

गोळ्यांनी तोंड सुजलं, झोप उडाली, तो विनाकारण चिडचिड करायला लागला. एका दुपारी बायकोने न विचारता ते गाणं लावलं आणि मधल्या खुर्चीत स्वतः बसली. त्याने विचारलं, बाई कुठे आहे? तिने डोळे मिटून बोट उचललं आणि दोन स्पीकरांच्या मधली रिकामी जागा दाखवली. "इथे. जरा मागे, भिंतीपाशी." तो त्या बोटाच्या दिशेने पाहत राहिला. मग तिनेच त्याच्या फोनवरून ग्रुपवर लिहिलं, मीही या स्पीकरची मालकीण आहे, माझं मत असं: गाणारी बाई घरात आल्यासारखी वाटते, आणि सिनेमात दार वाजलं की मी उठून बघते. ग्रुपने त्या मतावर विश्वास ठेवला. एका थांबलेल्या ऑर्डरचे स्पीकर त्याच आठवड्यात कुणाच्या तरी घरी पोचले.

पुढच्या तपासणीत त्याने डाव्या कानाला काही वेळा बटण दाबलं. खालचे सूर थोडे परत आले होते, वरचे नव्हते. अजून वेळ आहे, असं डॉक्टर म्हणाली. तो पुन्हा दवाखान्यात जाऊ लागला, पण मदतनीस बाईंना त्याने आता आपल्या उजव्या बाजूला बसवलं होतं, आणि रोग्याने 'अं' केलं की त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावायचा असं ठरलं होतं.

सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी तो डाव्या कानापाशी बोटं चोळतो. त्या वेळी बायको श्वास रोखून पडून राहते, हे त्याला माहीत आहे. काही सकाळी अगदी बारीक सरसर ऐकू येते. काही सकाळी ती खरंच आली की आपल्याला हवी होती म्हणून आली, हे त्याला सांगता येत नाही, आणि तो आणखी एकदा बोटं चोळतो.