पाठ केलेला तक्ता

"अगं, जरा मोठ्याने वाच ना. मटार सोलतोय, हात गुंतलेत माझे."

शनिवारची संध्याकाळ आली की ह्यांचे हात गुंतायचेच. एरवी स्वयंपाकघरात पाण्याच्या पेल्यापुरता येणारा हा माणूस शनिवारी कधी मटार सोलायचा, कधी बटाटे. काहीच सापडलं नाही तर घासलेले डबे पुन्हा घासायला घ्यायचा आणि मला दुसऱ्या दिवशीचं चर्चमधलं शास्त्रवाचन मोठ्याने वाचायला लावायचा.

"हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे," मी म्हटलं.

"छान! सावकाश वाच. म्हणजे अर्थ पोचतो."

मी सावकाश वाचलं. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, बाकीची रानात सोडून मेंढपाळ त्या एकामागे जातो, सापडल्यावर खांद्यावर घालून आणतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आनंद करायला बोलावतो. ह्यांचे ओठ माझ्यामागून हलत होते. सालं पातेल्यात पडत होती आणि दाणे कचऱ्यात.

"परत एकदा. शेवटचा भाग फार गोड आहे."

तिसऱ्यांदा वाचताना मी मुद्दाम एक शब्द गाळला. ह्यांनी मान वर न करता तो भरून दिला. झालं, पाठ झालं होतं. मी पुस्तक मिटलं आणि कचऱ्यातून मटार वेचायला बसले.

ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. हे मला माहीत होतं. मला माहीत आहे, हे ह्यांना माहीत नव्हतं. निदान तसं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं. माझी खात्री पटली ती एका दुपारी, जेव्हा हे बाजारातून तणतणत आले. "तो वरच्या मजल्यावरचा फार माजलाय. कसं काय म्हणून विचारलं, तर उत्तर नाही." मी खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यावरच्या कपड्याच्या दुकानाबाहेर नवा कोट घातलेला पुतळा उभा होता.

आता गंमत अशी, की ह्यांचं दुकान चष्म्याचं. सासऱ्यांनी काढलेलं, ह्यांनी वाढवलेलं. गावातल्या निम्म्या नाकांवर ह्यांनी बसवलेल्या फ्रेमा. मोठ्या दिव्याखाली, भिंग लावून जवळचं काम अजून जमायचं. नंबर काढायला मशीन होतं. आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता इतक्या वर्षांत असा पाठ झाला होता, की गिऱ्हाईक चुकलं तर हे तिकडे न बघताही पकडायचे.

शिवाय दुकानात काही आलं की त्यातून शास्त्रातलं काहीतरी काढायची ह्यांना भारी हौस. काडीचा स्क्रू बसवायला आलेला माणूस एखादा दाखला घेऊनच जायचा, तोही फुकट. कोणी काचेवर ओरखडा पडल्याची तक्रार केली, की हे काच पुसून म्हणायचे, "ओरखडा नाही हो, बोटाचा डाग आहे. मनालाही असेच डाग पडतात, आपण उगाच म्हणतो तडा गेला." दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, हा तर ह्यांचा ठेवणीतला विषय. तो सुरू झाला की मी मागच्या खोलीत निघून जायची. हसू आवरायचं नाही मला.

पण हसण्यासारखं सगळंच नव्हतं. सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, जुन्या काळात, आणि पट्टी सुटली ती अंधारातच. पुढची सगळी वर्षं ते दुकानातल्या खुर्चीत बसून आवाजावरून गिऱ्हाइकं ओळखायचे. ह्यांनी ते तरुणपणी रोज पाहिलं होतं. म्हणून ऑपरेशन हा शब्द आमच्या घरात चालायचा नाही. मी एकदा काढला, तर ह्यांनी विषय बदलला. दुसऱ्यांदा काढला, तर ताटावरून उठले. आणि चर्चमधलं वाचन म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. मिसरूड फुटल्यापासून दर रविवारी व्यासपीठावर उभं राहून शास्त्र वाचणारा माणूस. दिसत नाही म्हणून कबूल केलं, की एक तर ती जागा जाणार, नाही तर डॉक्टरकडे जावं लागणार आणि मग बापासारखं डोळेच जाणार, असा ह्यांचा हिशोब. म्हणून मटार.

त्या शनिवारच्या आधीच्याच महिन्यात भोंगा दुकानात आला होता. भोंगा म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतला बस ड्रायव्हर. गाणी म्हणताना त्याचा आवाज असा लागतो, की पुढच्या बाकावरचे लोक बाजूला सरकतील, म्हणून हे नाव. त्याला नोकरीसाठी नजर चांगली असल्याची चिठ्ठी हवी होती. खुर्चीत बसला आणि तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून मोकळा झाला. शेवटची ओळ तर ह्यांनी विचारायच्या आधीच.

हे उठले, तक्ता उलटा करून टांगला. मागच्या बाजूला दुसरी अक्षरं.

"आता म्हण."

भोंगा दुसऱ्या ओळीलाच अडकला. बाहेर बाकावर बसून पाठ केलं होतं पठ्ठ्याने.

"काका, नोकरी जाईल हो."

"अरे वेड्या, ही काय शाळेची परीक्षा आहे का, नापास व्हायला? मी विचारतो काही दिसतं का. नाही दिसत म्हण. मग दुसरी काच लावतो. तू खोटं हो म्हणालास, तर मी काय लावू? बस चालव, पाठांतर चालवू नकोस."

भोंग्याला चष्मा लागला, नोकरीही टिकली. मी मागच्या खोलीतून सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

तर, मेंढराचा रविवार. आम्ही चर्चमध्ये पोचलो. हे नेहमीप्रमाणे पुढच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसले, मी तिसऱ्या रांगेत. बसल्यावर हातातला उपासनेचा छापील कागद पाहिला. पाळकांनी आयत्या वेळी वाचन बदललं होतं. मेंढरू गायब. त्याजागी प्रभूने आंधळ्याला दृष्टी दिल्याचा भाग.

मी खोकले. मी कागद हलवला. मी बोटाने कागदाकडे, मग ह्यांच्याकडे, मग पुन्हा कागदाकडे खुणा केल्या. शेजारच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "माशी आहे का गं?" ह्यांनी माझ्या दिशेने पाहिलं. माझ्या दिशेने म्हणजे साधारण दोन माणसं डावीकडे, आणि तिथल्या खांबाकडे बघून छानसं हसले.

तेव्हा मला रडू आलं. इतके दिवस मी ह्या सगळ्याची मजा घेत होते, आणि आता तिसऱ्या बाकावरची मी ह्यांना दिसत नव्हते.

हे व्यासपीठावर गेले. तिथे समोरच मोठी खिडकी, तिचं ऊन थेट डोळ्यांवर. पान म्हणजे नुसतं दूध दिसत असणार. ह्यांनी चष्मा पुसला, बोट पानावर ठेवलं आणि खणखणीत आवाजात मेंढरू हरवलं. सगळी मंडळी कागदाकडे बघते, ह्यांच्याकडे बघते, पुन्हा कागदाकडे. मध्येच ह्यांनी गरज नसताना ऐटीत पान उलटलं. मेंढरू सापडलं, खांद्यावर बसलं, घरी आलं. "आमेन," हे म्हणाले.

पाळक मोठ्या मनाचे. उठून म्हणाले, "आज काकांनी आपल्याला वेगळाच भाग दिला आहे. तर मग तोच घेऊया." तयारी नसल्याने प्रवचन एकदम छोटं झालं आणि सगळ्यांना फार आवडलं.

दारात आजींनी ह्यांचे हात धरले. "आत्म्याची प्रेरणाच झाली तुम्हाला. माझा नातू घर सोडून गेलाय. माझ्यासाठीच वाचलंत."

"हो... म्हणजे... प्रेरणाच म्हणायची," हे म्हणाले.

घरी आलो. मी म्हटलं, "प्रेरणा शनिवारी मटार सोलताना झाली होती वाटतं." हे हसले नाहीत. जेवलेही नाहीत. देवाचं नाव पुढे करून आपण लपलो, हे ह्यांना आत कुठेतरी फार लागलं होतं.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं आणि भोंगा आत आला. मी डबा द्यायला आले होते, ती तिथेच थांबले. त्याने दार लावून घेतलं.

"काका, खुर्चीत बसा."

"का रे? माझं काय काम खुर्चीत?"

"बसा तर." त्याने तक्ता काढून उलटा टांगला. "काल तुमचं बोट एकाच ओळीवर होतं. तोंड पुढे गेलं, बोट तिथेच. मी पण असंच करून आलो होतो की तुमच्याकडे! म्हणा आता तिसरी ओळ."

ह्यांनी तिसरी ओळ म्हटली. चौथीही म्हटली. अगदी तळाची, मुंगीएवढी ओळसुद्धा म्हटली.

भोंगा चकित होऊन माझ्याकडे बघू लागला.

"त्यांच्या वडिलांचा तक्ता आहे तो," मी म्हटलं. "दोन्ही बाजू पाठ आहेत."

भोंग्याने डोकं खाजवलं आणि खिशातून कालचा कागद काढून ह्यांच्या हातात दिला. "मग हे वाचा."

ह्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला, दिव्याकडे नेला. ह्यांची ही धडपड मला बघवेना. मी कागद काढून घेतला.

"मी वाचते. तुम्ही ऐका. पाठ करू नका, नुसतं ऐका."

प्रभू त्या आंधळ्याचा हात धरून त्याला गावाबाहेर घेऊन जातो. त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का?

"थांब," हे म्हणाले. "काय विचारतो?"

"काही दिसतं का?"

"हे तर मी विचारतो. रोज. ह्याच खुर्चीपाशी." हे जरा पुढे सरकले. "मग? तो काय म्हणाला?"

"म्हणाला, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालताना दिसतात."

"बघ! खरं बोलला." ह्यांचा आवाज एकदम चढला, गिऱ्हाइकाला दाखला सांगताना चढतो तसा. "समोर प्रत्यक्ष प्रभू उभा. दुसरा कोणी असता तर भिडेपोटी म्हणाला असता, हो, लख्ख दिसतं, आभारी आहे. आणि जन्मभर झाडं बघत बसला असता. हा म्हणाला, अजून धूसर आहे. म्हणून तर..."

"म्हणून प्रभूने दुसऱ्यांदा हात ठेवले," मी म्हटलं. "आणि मग त्याला सगळं स्वच्छ दिसायला लागलं."

सांगता सांगता दाखला आपल्याच अंगावर आलाय, हे ह्यांच्या ध्यानात आलं होतं. बराच वेळ खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत राहिले. ती खुर्ची सासऱ्यांची.

"मला भीती वाटते गं," हे म्हणाले. भोंग्यासमोर म्हणाले. "बाबांसारखं झालं तर?"

"झालं तर मी वाचीन आणि तुम्ही मटार सोलाल. नाहीतरी आत्ता काय वेगळं चाललंय?"

हे हसले. मग माझ्या दिशेने, ह्या वेळी बरोबर माझ्या दिशेने, तोंड करून म्हणाले, "दिसत नाही मला. तू दिसतेस, पण झाडासारखी."

"निदान फळं येणारं झाड म्हणा."

भोंगा हुंदके देऊन रडायला लागला, आणि त्याच्या आवाजाने काउंटरवरच्या फ्रेमा थरथरल्या.

इस्पितळात त्यानेच नेलं, स्वतःच्या बसने, रीतसर तिकीट काढून. वाटेत प्रत्येक थांब्यावर तो चढणाऱ्यांना सांगत होता, "काकांचे डोळे करायचेत, प्रार्थना करा," आणि ओळख ना देख, लोक खरंच डोळे मिटत होते. ऑपरेशन एका डोळ्याचं झालं. दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, काही दिसतं का?"

ह्यांनी लगेच हो म्हटलं नाही. नीट सगळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि बघतच राहिले.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तुम्ही पाठांतरात होता तेव्हा."

ह्यांनी हात लांब करून माझ्या कपाळावरची बट मागे सारली. नर्स होती, डॉक्टरीणबाई होत्या, पण ह्यांना कसली लाज म्हणून नाही. "फार दिवस वाया घालवले गं," म्हणाले. मी म्हटलं, गप्प बसा, डोळ्यात पाणी आणायचं नाही असं सांगितलंय. हे माझंच मला सांगणं होतं.

पुढे डॉक्टरीणबाईंनी मोकळीक दिल्यावरच्या रविवारी हे पुन्हा व्यासपीठावर गेले. आधी म्हणाले, "त्या दिवशी मेंढराचं वाचलं, ती प्रेरणा नव्हती. मला पान दिसत नव्हतं, मी पाठ करून आलो होतो. मी खोटं बोललो. मला क्षमा करा."

मग माझ्या शेजारून आजींचा आवाज आला, "माझा नातू परत आलाय. तुम्ही पाठ करा नाही तर काही करा!" सगळी मंडळी हसली, पाळकही हसले, आणि भोंग्याचं हसणं सगळ्यांत शेवटी थांबलं.

मग ह्यांनी वाचायला घेतलं. राहून गेलेला तोच भाग. खणखणीतपणा कुठल्या कुठे गेला होता. एकाच डोळ्याने, बोट ओळीवर ठेवून, शब्दाशब्दाला अडखळत, दुसरीतल्या मुलासारखं. पण प्रत्येक शब्द पानावरून उचललेला. इतक्या वर्षांत इतकं वाईट वाचन मी ऐकलं नव्हतं आणि इतका आनंदही मला कधी झाला नव्हता.

प्रभू विचारतो, काही दिसतं का, इथे आले आणि थांबले. मान वर केली. खांबाकडे नाही, तिसऱ्या रांगेकडे. पुढचा शब्द काही येईना. मला आधी वाटलं, ओळ चुकली; पण बोट ओळीवरच होतं. मी हात जरासा वर करून हलवला.

ह्यांनी बोट पानावरून उचललं आणि व्यासपीठावरून मला उलट हात केला.