चार मिनिटांची फेरी

"दोन मिनिटं चाळीस सेकंद," मेघाश्री म्हणाली आणि तिनं ऑक्सिजनची नळी परत वडिलांच्या नाकाला लावली.

गुंडूराव पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते. ओठ निळसर पडलेले, खांदे वरखाली होत होते. बोटाला लावलेल्या क्लिपवरचा ऑक्सिजनचा आकडा ऐंशीपर्यंत उतरून आता सावकाश वर चढत होता.

"वेड लागलंय बापलेकीला," लक्ष्मीदेवी दारातून म्हणाल्या. "माणूस धड बाथरूमपर्यंत जाईना, आणि ही त्याला आकाशपाळण्यात बसवायला निघालीय."

"एका फेरीला चारच मिनिटं लागतात, आई."

"उद्या... परत करू," गुंडूराव म्हणाले.

आनेकलजवळच्या थीम पार्कमध्ये गुंडूरावांनी बावीस वर्षं आकाशपाळणा चालवला. चालवला म्हणजे खाली उभं राहून. लिव्हर सोडून चालकानं हलायचं नाही असा नियम, आणि सकाळची चाचणी व्हायची ती वाळूची पोती बसवून. लाखो माणसं वर गेली, किंचाळत खाली आली. ज्यांना सगळे मेस्त्री म्हणत, ते गुंडूराव काही वर गेले नाहीत. सुट्टीच्या दिवशी शहरातल्या बसवनगुडीच्या घरून दोन बस बदलून पुन्हा तिथंच कोण तडफडणार? रिटायर झाल्यावर बघू म्हणाले, आणि रिटायर झाल्यावर फुप्फुसांनी दगा दिला. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मेघाश्रीला बाजूला घेऊन सांगितलं, महिना, फार तर दीड. त्या संध्याकाळी तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "अप्पा, कुठं जावंसं वाटतं का?" तिला वाटलं, एखाद्या देवाचं नाव काढतील. अप्पा म्हणाले, "पाळण्याच्या वरून काय दिसतं, ते एकदा बघायचं होतं."

झालं, पोरीनं ध्यासच घेतला. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात दिवसभर औषधाच्या बाटल्या तपासायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत फोन घेऊन बसायचं. पार्कच्या ऑफिसनं स्वच्छ सांगितलं की ऑक्सिजनवरचा पेशंट पाळण्यात घेत नाही. तिनं विनवण्या केल्या, फोनवर रडलीसुद्धा. शेवटी तिनं पवनकुमारला गाठलं. निपाणीकडचा हा माणूस अप्पांच्या हाताखाली शिकला होता आणि आता तोच पाळणा चालवत होता.

"मंगळवारी सकाळी गर्दी नसतीया," तो म्हणाला. "सिलिंडर खाली ठेवायचा, एकच फेरी. कुणाला बोलू नका अक्का, माझी नोकरी जाईल."

घरी तिनं सांगितलं, ऑफिसनं परवानगी दिली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी नळी काढून बसायची ही तालीम. तिसऱ्या दिवशी तीन मिनिटं जमली. रविवारी अप्पा चार मिनिटं दहा सेकंद टिकले आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून पडून राहिले. आकडा शहात्तरवर गेला होता. आईला तो दिसू नये म्हणून तिनं क्लिप हातानं झाकली. आपण बापाला काही देतोय की त्याचा उरलेला जीव घेतोय, हे तिला खरंच कळेनासं झालं होतं. पण द्यायला दुसरं होतं तरी काय तिच्याजवळ!

मंगळवारी गुंडूरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पायात बूट चढवले. भाड्याची गाडी, चाकाची खुर्ची, सिलिंडर, गोळ्या, गरम पाण्याचा थर्मास. मेघाश्री काही विसरली नव्हती. पार्कात पवनकुमारनं मेस्त्रींच्या पायांना हात लावला आणि पाळण्याच्या डब्याचं दार उघडून धरलं. नजर ऑफिसच्या खिडकीकडे.

"बसा मेस्त्री, लवकर."

गुंडूराव खुर्चीतून हलले नाहीत. "आधी विचार," ते म्हणाले.

म्हाताऱ्या माणसाला पाळण्यात बसवण्याआधी तीन प्रश्न विचारायचे, ही मेस्त्रींचीच शिकवण. हृदयाचा त्रास आहे का, श्वासाचा आहे का, चक्कर येते का. उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं, सोबतच्यांचं ऐकायचं नाही. एका पोलीस इन्स्पेक्टरच्या सासऱ्यालाही त्यांनी असाच परत पाठवला होता.

"काही त्रास नाही त्यांना," मेघाश्री घाईनं म्हणाली.

"तुला नाही विचारलं."

पवनकुमारनं मान खाली घातली. "श्वासाचा त्रास हाय का, मेस्त्री?"

"आहे."

पवनकुमार डब्याचं दार तसंच धरून उभा राहिला.

"मग काय सांगायचं असतं?" गुंडूरावांनी विचारलं.

"बसवता येणार न्हाई," पवनकुमार कसाबसा म्हणाला.

"सरी, बरोबर," गुंडूराव म्हणाले आणि लेकीकडे वळले. "परवानगी नव्हती ना गं?"

"नव्हती. कुठून आणू परवानगी?" मेघाश्रीचा बांध फुटला. "अप्पा, जन्मात एकदा स्वतःसाठी खोटं बोला ना. पुढचा मंगळवार कुठं आहे आपल्याकडं?"

महिनाभर घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते बोलून गेली, आणि तिथंच खुर्चीपाशी मटकन खाली बसली. गुंडूरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दम लागला होता, तो जरा खाली बसू दिला.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "माझं काही झालं असतं तर पवन आयुष्यातून उठला असता. ऊठ. तू बस."

"मला नाही बसायचं."

"ऐक. फोन चालू ठेव."

ती बसली. पवनकुमारनं दार लावलं, कडी ओढून बघितली आणि लिव्हर खेचला. डबा वर निघाला. खाली खुर्चीत अप्पा, शेजारी सिलिंडर, तोंड वर केलेलं. त्यांच्यावरून तिची नजर निघेना. सगळ्यात वर जाऊन पाळणा थांबला आणि फोन वाजला.

"काय दिसतं?"

चहूकडं धुरकट होतं. जवळची निलगिरीची झाडं, कारखान्यांचे पत्रे, आणि पुढं नुसतं राखाडी. शहराचा कुठं पत्ताच नव्हता.

"सगळं दिसतंय, अप्पा."

"सगळं म्हणजे? नीट सांग. आपलं घर दिसतं?"

मेघाश्रीनं पदरानं डोळे पुसले.

"दिसतंय," ती म्हणाली. "गच्चीवर आईनं हिरवी साडी वाळत घातलीय."