टेलरच्या फ्रीझरमधली गार

गार बोलतेय मी. हो, तीच, जी पडायला लागली की तुम्ही आधी गाडी झाकता आणि मग आमच्या नावाने बोटं मोडता. मोडा बापडे. आम्ही फोडलेल्या काचा मोजायला बसलं तर मला मान वर करायला जागा नाही. पण आमच्यातल्या बहुतेकींचं आयुष्य अंगणात पडून पाणी होईपर्यंतचंच असतं. मी मात्र उन्हाळ्यात पडले आणि थंडी पाहिली. ती कोणामुळे पाहिली, तेवढं सांगायचं आहे. माझ्याकडे वेळ थोडा आहे, तेव्हा मधे बोलू नका.

जन्म ढगातला. एवढासा कण होते मी. खालून वारा असा काही यायचा की जरा उतरावं म्हटलं की चालली परत वर. भरपूर पाण्यातून गेले की अंगावर काचेसारखा थर चढायचा, कोरड्या थंडीतून गेले की दुधी. असं करत करत मी चांगली गरगरीत झाले.

दूर टेकडीवर एक पांढरा घुमट होता, त्यात रडार. तो आमच्याकडे लहरी पाठवायचा आणि आमच्यावर आपटून परत आलेल्या तपासायचा. पावसाचा मोठा थेंब पडताना चपटा होतो, आम्ही गडगडत, लोळत येतो. तेवढ्या फरकावरून त्याला कळतं की हे नुसतं पाणी नाही, या दुसऱ्याच बाया आहेत.

रडारच्या पडद्यापुढे एक संशोधक बसली होती. रडार सांगत होता, मुठीएवढी गार आहे. तिचे साहेब मागून म्हणत होते, "एवढी गार इकडे पडत नाही. यंत्र बिघडलंय." तिने तडक वडिलांना फोन लावला, कारण ढग नेमका त्यांच्या गावावर होता.

"बाबा, तुमच्याकडे येतंय. डोक्यावर काहीतरी घ्या, आणि थांबलं की मोठ्यातली मोठी उचला. हाताने नको, चिमट्याने. फ्रीझरमध्ये ठेवा. मी न्यायला येते."

"येतेस?" बाबांनी एवढंच विचारलं.

बाबा म्हणजे टेलर. पुढे दुकान, मागे घर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. ते डोक्यावर पातेलं घालून दारात उभे राहिले आणि गारा थांबल्यावर अंगणभर वाकून फिरले. मी कुंडीआड पडले होते. मला बघून ते म्हणाले, "आलात? या." असं स्वागत आमच्या घराण्यात कोणाचं झालं नसेल.

मग त्यांनी माझी मापं घेतली. गळ्यातली टेप काढली, गिऱ्हाइकाची छाती मोजतात तसा माझा घेर मोजला, टेपसकट फोटो काढून लेकीला पाठवला आणि मला मटारच्या पिशवीवर निजवलं.

फोटोने खळबळ उडाली. भर बैठकीत तो पडद्यावर दाखवला म्हणे. साहेब टेपवरचे आकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, यंत्र ठीक दिसतंय. हे सगळं मला फ्रीजच्या दारातून कळलं. बाबा स्वयंपाकघरातच फोनवर बोलायचे आणि त्यांचा आवाज मोठा होता.

"मग कधी येतेस ठमे?"

"या रविवारी नाही जमणार बाबा. पुढच्या नक्की."

पुढच्या रविवारी रडारची तपासणी निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी परगावी भाषण. बाबा रागावले नाहीत. आयुष्यभर त्यांनी स्वतःच गिऱ्हाइकांना "पुढच्या आठवड्यात या, तयार ठेवतो" असं सांगितलं होतं, आणि दरवेळी अगदी मनापासून. फोन ठेवून ते माझ्याकडे बघून हसायचे. "बघितलंस? टेलरची पोर शोभते."

घोटाळा वेगळाच होता. बर्फ नुसता वितळूनच संपतो असं नाही. फ्रीझरची कोरडी हवा त्याला गुपचूप चाटत असते. मी झिजत होते. एक दिवस बाबांनी सहज टेप लावली आणि त्यांचा चेहराच उतरला. घेर कमी भरला.

"पोर येऊन मोजेल आणि म्हणेल, बाबांनी माप चुकीचं दिलं," ते पुटपुटले. "चारचौघांत तोंडावर पडेल ती."

त्यांनी वाटीत गार पाणी घेतलं, चिमट्याने मला बुचकळलं आणि परत आत ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा. टेपवर जुनं माप आलं तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. नमुन्याला असलं काही करू नये हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला तोंड असून उपयोग नव्हता. पुढे हे नेहमीचंच झालं. लेकीने येणं पुढे ढकललं की बाबा टेप आणि वाटी घेऊन हजर.

कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याने हे एकदा पाहिलं. "काका, गारेला पाणी पाजताय?"

"वाढत्या अंगाची आहे," बाबा गंभीरपणे म्हणाले.

त्यांनी मला चिंध्यांचं अस्तर लावलेलं एक झबलंसुद्धा शिवलं, निळ्या दोऱ्याने. एकदा वीज गेली तेव्हा मला त्यात गुंडाळून, थर्मासमध्ये घालून ते दुकान उघडं टाकून कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याकडे पळत गेले होते, कारण त्याच्याकडे जनरेटर होता. गुडघे दुखायचे त्यांचे. तो दिवस मी व्हॅनिलाच्या डब्यावर बसून काढला आणि बाबा बाहेर बाकावर बसून.

एकदाच त्यांनी फोनवर अडखळत विचारलं, "ठमे, ती गार आता लागतेय ना तुला? नाहीतर उगाच..."

खरं तर तिचं काम फोटोवर भागलं होतं. आतले थर कापून बघायचे होते, पण त्याची घाई नव्हती. "नको" म्हटलं तर बाबा हिरमुसतील, असं तिला वाटलं असणार.

"लागतेय ना बाबा. ठेवा. मी येतेच."

त्या एका शब्दावर त्या माणसाने दिवाळीपुरता फराळ जपावा तसं मला... नको, तुलना राहू दे. जपलं, एवढंच खरं.

थंडी पडली. एक दिवस फ्रीझरचं दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुकानातून शिलाई मशीनचा आवाजही नाही. मग एकदम खूप पावलं आली, आइस्क्रीमवाल्याचा आवाज आला. कोणालातरी सांगत होता, की काका मशीनवर मान टाकून बसले होते, त्याला आधी वाटलं डोळा लागलाय. मी काळोखात पडून ऐकत होते. मला फार वाईट वाटलं. आमच्यासारखीला वाईट वाटतं का, असं विचारू नका. वाटलं.

ती आली. माझ्यासाठी नाही आली, पण आली. आठ-दहा दिवसांनी घर आवरताना तिने फ्रीझर उघडला, मटार काढले आणि तिला झबलं दिसलं. ती तिथेच फरशीवर बसली. बराच वेळ दार उघडं होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत, स्वेटरवर स्वेटर घालून, तिने मला तापलेल्या तारेने मधोमध कापलं. एका अर्ध्यातून पातळ काप काढून काचेवर ठेवला आणि खालून दिवा लावला. माझे थर उजळले. तिच्याबरोबर काम करणारा मित्र वाकून बघू लागला.

"आतलं ढगातलं आहे. पण बाहेरचं हे काय? एकावर एक, सगळे सारखे पातळ. आणि हे निळं काय अडकलंय, दोरा?" तो सरळ झाला. "कोणीतरी नळाचं पाणी घातलंय गं. एकदा नाही, कितीतरी वेळा. गेला नमुना. फेकून दे."

थरांवरून तिचं बोट काचेच्या वरूनच फिरत होतं. कोणता रविवार तपासणीचा आणि कोणता भाषणाचा, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"फेकायचं नाही," ती म्हणाली. "माया आहे ती."

"माया?"

"कपडा शिवताना आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात. पुढे लागलं तर उसवून मोठं करता यावं म्हणून. टेलर त्याला माया म्हणतात."

मित्राने पुन्हा काचेवर वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे हवेने खाल्लं ते हेच खाल्लं. आतली गार शाबूत असेल. बाहेरचं काढलं तर काम होईल."

काढायला तर हवंच होतं. ढगातल्या पाण्याची तपासणी नळाच्या पाण्यासकट होत नाही. तिने हातमोजा काढला आणि माझा तो कापलेला अर्धा भाग उघड्या तळहातावर घेतला.

"अगं, हाताने?"

"बाहेरचंच जाणार आहे."

आणि ते गेलं. बाबांनी वाटीतून चढवलेलं पाणी तिच्या बोटांमधून खाली टपकत राहिलं आणि दोऱ्याचे तंतू तळहाताला चिकटले. ती रडत होती. "आले बाबा," ती म्हणत होती, "आले ना मी." मित्र तोंड फिरवून उपकरणं पुसत बसला.

त्या अर्ध्याचं काम झालं. रडारचं म्हणणं आणि माझ्या आतले थर यांचा मेळ बसला आणि संशोधन छापून आलं. आता तुमच्याशी बोलतोय तो उरलेला अर्धा भाग. याला तिने कोणाला हात लावू दिला नाही. बाबांच्या थरांसकट मी इथल्या फ्रीझरमध्ये आहे, त्याच निळ्या दोऱ्याच्या झबल्यात.

पण हवा इथेही कोरडीच आहे. ती मला बाहेरून खाते, आणि बाहेर आहेत ते बाबा. एकेक थर गेला. कधीमधी ती दार उघडते, मला हातात घेते आणि परत ठेवते. तिलाही दिसतंय. आज शेवटचा थर इतका पातळ झालाय की त्याच्यातून माझा दुधी रंग दिसतो. म्हणून आजच बोलून घेतलं. तुमच्या घरी कोणी काही जपून ठेवलं असेल आणि ते "कधी येतेस" एवढंच विचारत असतील, तर वस्तूचं राहू द्या, तुम्ही निघा.

उद्या-परवा बाबांचं पाणी पुरतं उडून जाईल. माझं त्यानंतरही बरेच दिवस चालेल, पण तेव्हा मी पुन्हा नुसती गार असेन.