चावायची गोळी

"गोळी दाताला लागता कामा नये. जिभेवर ठेवायची, वर पाणी, की गेली." सासूबाई जाऊन वर्षं झाली, तरी यांनी गोळी तोंडात टाकली की मला त्यांचा आवाज ऐकू येतो.

हे पुस्तकं बांधतात. जेवण उरकलं की लगेच सुईदोरा घेऊन ओणवे बसतात, मग छातीत जळजळ. पित्तावरच्या गोळ्या आणल्या होत्या, त्या आईच्या शिकवणीप्रमाणे अख्ख्या गिळत. जळजळ हटेना. सासरे छातीच्या दुखण्यानेच गेलेले. आपलंही तेच, असं यांनी मनाशी धरलं. डॉक्टरांचं नाव काढलं की "उगाच नको ते ऐकायचं," म्हणत. आणि एक दिवस, आपल्यामागे काम अडू नये म्हणून, पुठ्ठे चिकटवायची खळ किती घट्ट शिजवायची, ते मला शिकवायला लागले. तेव्हा मात्र मी चपला घातल्या.

मी त्यांना औषधांच्या दुकानात नेलं. तिथल्या ताईंनी विचारलं, "चावून खाता ना?"

"छे. आईनं सांगितलंय."

"काका, आईचं खरं, पण ही चावायचीच. खडूसारखी पूड होऊन ती पोटातल्या आम्लात मिसळते, तेव्हा आम्ल निवळतं. अख्खी गिळली तर ती विरघळेपर्यंत तुम्ही जळतच बसणार."

"जळायची सवय आहे त्यांना," मी हळूच म्हटलं. "धाकट्या भावाच्या दुकानावर रोज जळतात."

ताई हसल्या. यांनी तिथेच एक चावली. "पाटी चाटल्यासारखं लागतंय." थोड्या वेळानं मोठा ढेकर आला नि चेहरा सैलावला. "बघ, झालो बरा."

"आत्तापुरते," ताई म्हणाल्या. "ज्वाळा विझली, निखारे आहेत. इतके दिवस गोळी लागतेय, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. शब्द द्या."

यांनी माझ्याकडे पाहिलं. "उद्या सकाळी जातो."

सकाळी मी जपाला बसले. जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. काही टाळायचं असलं की ते हीच वेळ साधतात. हे कामालाच बसतील, पुस्तकं दाबायच्या यंत्राचा दांडा फिरल्याचा आवाज येईल, म्हणून मी कान देऊन होते. देवाचं नाव ओठांवर, लक्ष सगळं बाहेर.

दांडा फिरला नाही. चपलांची सरसर झाली. उंबऱ्याशी ते क्षणभर थांबले, डॉक्टरांना दाखवायला गोळ्यांची पट्टी खिशात सरकवली आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.