पिवळ्या पट्टीची फजिती

पंचफुलानं भरसभेत तोंड उघडलं, तेव्हा तिच्या आईनं, सीताबाईनं, पदराआड कपाळावर हात मारून घेतला.

सभा समुद्रपूरच्या वस्तीतल्या मोठ्या निंबाखाली भरली होती. मागच्या दसऱ्याला सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्यानंतरची ही पहिलीच बुद्धजयंती. पौर्णिमेला सकाळी मिरवणूक निघणार होती आणि गल्लीभर पंचरंगी पताका लावायच्या होत्या. रंगीत कागद आणायला वर्ध्याला कोणी जायचं, यावर पुरुषमंडळींचा घोळ काही संपत नव्हता. तेवढ्यात बायकांच्या मागून आवाज आला,

"कागद कायले आनता, आबाजी? सुट्ट्या लागल्या, पोट्टे रिकामे हायेत. आमी घरीच करतो पताका!"

आबाजी म्हणजे बापूराव, वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी मान वळवली. "आन् रंग व?"

"रंग त घरातच हायेत. नीळ हाये, हळद हाये, गेरू हाये. पळसाची फुलं मी सुकवून ठेवली, त्याचा केशरी. आन् पांढऱ्याले त काहीच करा लागत नाई!"

सगळे हसले. बापूराव हसले नाहीत. "पाह्य पोरी, आपला हा पयला सण. उद्या दोऱ्या रिकाम्या लोंबल्या त गावात तोंड दाखवाची सोय राह्यनार नाई. राहू काय तुह्या भरोशावर?"

"राहा!" पंचफुला म्हणाली.

असं फटकन बोलायची सवय तिला नवीनच लागली होती. दोन वर्षांमागं कोणी नाव विचारलं तरी ती आईच्या लुगड्यात शिरायची. यंदा शाळेच्या संमेलनात तिनं भाषण केलं, टाळ्या पडल्या, वर आठवी पास झाली, आणि तेव्हापासून जिभेची सुटलेली गाठ पुन्हा बसायचं नाव घेईना.

दुसऱ्या दिवशी सीताबाईच्या अंगणात पोट्ट्यांचा बाजारच भरला. जुन्या वह्यांतली कोरी पानं निघाली. पळसाची फुलं चुलीवर खदखदली आणि पाणी असं केशरी झालं की शेजारचा प्रेमदास म्हणाला, "फुलाबाई, प्यावं वाटते!" हळदीच्या पाण्यात हात घालायला सगळेच पुढं, नीळ कालवायला कोणीच नाही. रंगवलेले कागद बाजेवर वाळत घातले आणि गरम वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा ठेवला. वाळलेल्या कागदांच्या पट्ट्या कापायच्या आणि निळी, पिवळी, लाल, पांढरी, केशरी अशा ओळीनं वर्तमानपत्राच्या तुकड्यावर चिकटवायच्या, की झाली पताका.

अडलं ते खळीवर. "गव्हाचं पीठ कागदाले लावू काय?" सीताबाई डाफरली. "पोळीले पुरत नाई अन् हिले खळ पाह्यजे!"

सीताबाई सकाळपासून ज्वारीचे पापड घालत होती. शिजवलेल्या पिठाचा घाटा पातेल्याच्या तळाशी उरला होता. पंचफुलानं बोट बुडवून पाहिलं. बोटाला बोट चिकटलं.

"हे पाहा! फुकटची खळ!" ती ओरडली. पोट्ट्यांनीही जयजयकार केला. मग जो तो घाटा फासायला बसला. अर्धा कागदाला लागला, अर्धा पोटात गेला. पताका दोरीवर वाळत घातल्या, आणि पंचफुला कमरेवर हात ठेवून अशी उभी राहिली, जशी काही वर्ध्याची सगळी दुकानं तिनंच बंद पाडली.

"फुलाबाई," प्रेमदास म्हणाला, "पिवळी कोठी गेली?"

"कोठी जाईन? पाह्य ना नीट."

तिनंही नीट पाहिलं. निळी, लाल, लाल, पांढरी, केशरी. एकूणएक पताकेची पिवळी पट्टी लालभडक झाली होती.

"कोनी केलं हे? प्रेमदास, गेरू सांडवला तू?"

"मी काऊन सांडवू? तुमीच त म्हनलं, घाटा लावा!"

आवाज ऐकून सीताबाई बाहेर आली. पताका उलटीपालटी करून पाहिली आणि खो खो हसत सुटली. "झेंड्याले कुकू लावलं काय व? अवं, घाट्यात पापडखार हाये! हळदीले खार लागला की ते लालच होते. कुकू असंच करतात ना!"

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तू इचारलं कोठी? तू त घाटा घेऊन पळाली!"

कोरा कागद संपला होता. हळदीचा डबा तळाला गेला होता. संध्याकाळी बापूराव पताका न्यायला येणार होते. पिवळ्याशिवाय पंचरंगी झेंडा म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पंचफुला ओट्यावर बसली. भरसभेत 'राहा' म्हणणारी तीच होती. बापूरावांकडं आपणच जावं, आणि काय ते सांगून टाकावं, असं ठरवून ती उठली.

उठली तर समोर देवका. प्रेमदासची धाकटी बहीण, वय सहा, तोंड सदा चालू. एका हातात कैरी, दुसऱ्या हातात पताका.

"देवके! चिकट हात लावू नोको म्हनलं ना!"

देवकानं घाबरून पताका सोडली. पंचफुलानं ती उचलली. लाल पट्टीवर चार इवलीशी बोटं उमटली होती. पिवळीधमक!

देवकाच्या हातातली कैरी ओढून पंचफुलानं पट्टीवर घासली. देवकानं भोकाड पसरलं, आणि लाल पट्टी पाहता पाहता पिवळी झाली.

"मा! अवं मा! खारानं केलं ते आंबटानं पलटवलं!"

मग काय! पोट्टे आंब्याखाली धावले, पडलेल्या कैऱ्या ओच्यात भरून आणल्या. सीताबाईनं विळीवर फोडी करून दिल्या आणि देवकाला सगळ्यात मोठी फोड मिठासकट मिळाली. घासायचं हलक्या हातानं, शेजारच्या रंगाला लागू द्यायचं नाही. कुठं ठिपके राहिले, कुठं कडा लाल उरली, पण पिवळं परत आलं.

तेवढ्यात बापूराव अंगणात उभे.

"ह्या अर्ध्या पिवळ्या, अर्ध्या लाल काऊन?"

काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण पंचफुलानं पापडापासून कैरीपर्यंत सगळं सांगून टाकलं, एका दमात.

"जादू सांगून राह्यली काय मले?"

"घासून पाहा ना, आबाजी." तिनं फोड पुढं केली.

बापूरावांनी फोड घेतली, संशयानं पट्टीवर ओढली. थांबले. चष्मा पुसला. पुन्हा ओढली. मग धोतर आवरून खाली बसले आणि दुसरी पताका मांडीवर घेतली.

"आबाजी, निळ्याले लागून राह्यलं ना!" देवका खेकसली. "हळू घासा!"

"बरं बाई," बापूराव म्हणाले. "दुसरी फोड दे. हे वाळली."

बाहेर निंबाखाली माणसं दोऱ्या ताणून तयार होती. "आबाजी, पताका कोठी हायेत?" कोणीतरी हाक मारली.

"थांबा बे!" बापूराव मान वर न करता ओरडले. "पिवळ्या होऊन राह्यल्या!"