लिंबू पानात

या, असे जवळ सरका. टाळ जरा मांडीवर ठेवा, पोटात थोडी भूक असली तर फारच बरं. कारण आजची कथा आहे एका आंबट घासाची, आणि रामरायाच्या दारात अडलेल्या गळ्याची.

उमरोळीच्या अण्णांचं कीर्तन म्हणजे ऐकणाऱ्याने चपला देवळातच विसरून घरी जावं असं. रामनवमीला भर दुपारी पाळणा तेच म्हणत. त्यांचा चढा सूर लागला की राम जन्मला, असं गावच धरून चालायचं. अण्णांना आंबटाची भारी ओढ, आणि त्याची मिजासही. "गुरुजींनी बजावलेलं, आंबट खाशील तर गळा बसंल. पण आमच्या जमुनेचं आंबट वरण मला कधी बाधलं नाय. रामाची कृपा, दुसरं काय!"

गेल्या पावसाळ्यात जमुनाबाई गेल्या आणि चूल सुनेकडे आली. आनंदी माहेरची मिरचीसाठी नावाजलेल्या वाणगावची, कीर्तनाची वेडी. चैत्र लागला तसा तिने त्या वरणाच्या चवीचा पिच्छाच पुरवला. आधी लिंबू पिळलं. अण्णांनी भुरका मारला, मान हलवली. "आंबट हाय, पण तिचं नाय." मग चिंचेचा कोळ झाला, आमसुलं झाली, कैरी किसून झाली. अण्णा वाटी चाटूनपुसून संपवत आणि पुन्हा तेच म्हणत. घरातलं आंबट संपलं. मग सासूबाईंनी घातलं तरी काय?

रामनवमी परवावर आली आणि अण्णांचा आवाज बसला.

"मिरचीच्या गावची ना तू," ते घोगऱ्या गळ्याने म्हणाले. "तिच्या हातचं बाधत नव्हतं, तुझ्या हातचं बाधतं बघ!"

चेष्टाच ती, पण काट्यासारखी रुतली. आपल्या हौसेपायी यंदा पाळणा मुका राहणार? आनंदी परसात जाऊन उभी राहिली. तिथे एक लिंबोणी होती. काटे भरपूर, फळ कधीच नाही. अण्णांनी कितीदा कोयता उचललेला, आणि प्रत्येक वेळी जमुनाबाई आड आलेल्या.

कुंपणापलीकडे गोजराबाई कपडे वाळत घालत होत्या.

"काकी, हिला लिंबू येत नाय, तरी आई रोज पाणी कशाला घालायच्या?"

"देव जाणे बाय! मी म्हणायची, जमुने, माझ्या झाडाची लिंबं ने की. तर हसायची. 'नको गं, आमचं लिंबू पानात हाय.' वाढून झालेलं असंल तिचं."

"कधी विचारायचात तुमी?"

"सकाळी. पाणी भरताना."

आनंदी थबकली. सकाळी कुणाचं पान वाढलेलं असतं? तिने हात वर करून लिंबोणीचं एक पान तोडलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं. मग जिभेवर ठेवलं. लिंबाचा सगळा वास, आणि आंबटाचा थेंब नाही!

त्या दुपारी उकळत्या वरणात तिने चार पानं सोडली, गुळाचा खडा टाकला, झाकण ठेवलं. अण्णांनी पहिला घास घेतला आणि हात तिथेच थांबला. "तिचं!"

तिसऱ्या घासाला दाताखाली काही आलं. वाढण्याआधी पानं काढायची असतात, हे आनंदीला कुठलं ठाऊक? अण्णांनी ते हिरवं पान तळहातावर घेतलं. "हे काय? आंबट कुठाय?"

"नाय अण्णा. आंबट कायच नाय यात. नुसता वास."

अण्णांनी पान नाकाशी नेऊन हुंगलं. मग पोट धरून हसले, घोगरे, खोकत. "म्हणजे इतकी वर्षं गुरुजींची आज्ञा मोडून मी मिरवत होतो, आणि आमची जमुना गुपचूप ती पाळत होती!" हसताहसता उपरण्याचं टोक डोळ्यांना लागलं.

दोन दिवस तेच गरम वरण. रामनवमीला पाळणा सुरू झाला तेव्हा बायकांच्या रांगेत आनंदी पुढे सरकून बसली होती. सूर चढला, वर जाऊन जरासा थरथरला, आणि स्थिरावला. राम जन्मला.

संध्याकाळी अण्णा स्वतः लिंबोणीला पाणी घालत होते.

तर बाबांनो, जेवताना एखादी चव अशी लागली की घालणारा हात कुठे दिसत नाही, तर हात जोडा, आणि उमरोळीच्या जमुनाबाईची एकदा आठवण काढा.